पुढे तीन, मागे साडेतीन

फोर्डची मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या बाजारात आली, तेव्हा तिच्या चारही चाकांना एकाच मापाचे टायर नव्हते. पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन. पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा त्याच्या जाडीचा, दोन्ही इंचांत. म्हणजे लांबून पाहिलं तर चारही चाकं एकाच उंचीची दिसायची. फरक होता तो आत. टायर जाड असेल तर रिम तेवढी लहान करावी लागते. म्हणून पुढची रिम २४ इंचांची आणि मागची २३. पुढचा टायर मागे चालत नसे, मागचा पुढे बसत नसे.

यामागे साधा हिशेब होता. गाडीत माणसं भरली की त्यांचा बहुतेक भार मागच्या चाकांवर पडे. इंजिनाची ओढ मागच्याच चाकांना होती आणि ब्रेकही मागेच लागत. पुढच्या चाकांचं काम फक्त वळायचं. रबर महाग होतं, एक टायर जेमतेम काही हजार मैल टिके. अशा वेळी जिथे काम कमी तिथे रबर कमी, हा विचार शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी काढायला निघालेल्या हेन्री फोर्डला पटणाराच होता.

त्रास व्हायचा तो मालकाला. त्या काळी पंक्चर ही रोजची गोष्ट, कारण रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले. मॉडेल टीची लाकडी आऱ्यांची चाकं रस्त्यात बदलायची सोयच नव्हती. गाडी जॅकवर घ्यायची, चाक जागेवरच ठेवून सळईने टायर उचकटायचा, ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावायचं, पुन्हा टायर चढवायचा आणि हातपंपाने हवा भरत राहायची. हे टायर क्लिंचर जातीचे होते: रबराची कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकवायची आणि आतल्या हवेच्या दाबाने ती तिथे घट्ट धरून ठेवायची. दाब साठ पौंडांच्या आसपास नसेल तर टायर रिमवरून निसटायची भीती. हे सगळं उन्हात, धुळीत, बायकामुलं कडेला उभी असताना. त्यात मापं दोन असल्यामुळे जवळ ट्यूब ठेवायच्या त्याही दोन जातींच्या, टायर ठेवायचे तेही दोन जातींचे. वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये काढलेलं स्टेपनी चाक जगभर खपलं ते याच हालअपेष्टांमुळे. आरे नसलेली ती गोल रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळायची आणि घर गाठायचं.

१९१९ मध्ये फोर्डने सुटी होणारी रिम द्यायला सुरुवात केली. अशा गाड्यांना चारही चाकांवर ३० बाय साडेतीन टायर आले. पुढच्या चाकांना अर्धा इंच रबर जास्त गेलं, पण एक जादा टायर चारही चाकांच्या उपयोगी पडू लागला. चार चाकं सारखी असावीत ही आज आपल्याला उपजत वाटणारी गोष्ट मॉडेल टीत अशी पंक्चरच्या सोयीसाठी आली.

त्याआधी शेकडो वर्षं चारचाकी गाडी म्हणजे पुढे लहान चाकं, मागे मोठी, हेच समीकरण होतं. आपल्याकडच्या बैलगाडीला दोनच चाकं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या सुतार-लोहारांना हा प्रश्न फारसा पडला नाही. दोन्ही चाकं एका मापाची केली आणि त्यांवर धाव चढवली की काम झालं. पण पेनसिल्व्हेनियाच्या कोनेस्टोगा गाड्या घ्या किंवा मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या व्हिक्टोरिया घ्या, पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान. कारण वळताना पुढचा अख्खा आस फिरे आणि चाक गाडीच्या साट्याखाली शिरे; मोठं असतं तर साट्याला आपटलं असतं. मागचं चाक मात्र जितकं मोठं तितकं खड्ड्यातून सहज निघे. म्युनिकचा गाडी-कारागीर गेओर्ग लँकेनश्पर्गर याने १८१६ च्या सुमारास दोन्ही पुढची चाकं आपापल्या खिळीवर वळतील अशी रचना केली. त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने १८१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आजही ती आकरमनच्याच नावाने शिकवली जाते, हा लँकेनश्पर्गरवर झालेला अन्यायच म्हणायला हवा. आसच फिरत नाही म्हटल्यावर पुढची चाकं लहान ठेवायची सक्ती संपली होती. तरीही १८९३ च्या बेंझ व्हिक्टोरिया मोटारीला पुढची चाकं लहानच होती. सवय अशी लवकर जात नाही.

पिकअपचं घराणं मॉडेल टीतूनच निघालं. लोक टू-सीटर गाडीचा मागचा भाग कापून तिथे लाकडी खोका ठोकत होतेच. १९१७ मध्ये फोर्डने एका टनाची मॉडेल टीटी काढली. तिला सुरुवातीला पुढे हवेचे टायर होते आणि मागे भरीव रबराचे. ओझं ज्याने उचलायचं त्याला पंक्चरची चैन परवडणार नव्हती. मग १९२५ च्या एप्रिलमध्ये कारखान्यातूनच पत्र्याचा हौदा बसवून आलेली टू-सीटर २८१ डॉलरला विकायला ठेवली गेली. फोर्डची कारखान्यातून निघालेली पहिली पिकअप ती हीच. त्याच सुमाराला कमी दाबाचे, फुगीर बलून टायर आले आणि अर्ध्या इंचाच्या फरकाचा जुना विषय मिटला.

तो मिटला असं वाटत असतानाच कॅलिफोर्नियाच्या पोरांनी वेगळ्याच कारणासाठी पुन्हा उकरून काढला. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पलीकडे म्युरॉकच्या कोरड्या पडलेल्या सरोवरावर जुन्या फोर्ड गाड्या पळवण्याचं वेड वाढलं. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. भंगारातून घेतलेली गाडी, तिचे मडगार्ड काढलेले, इंजिन घरी खोलून पुन्हा बांधलेलं. मागे मोठा टायर घातला की इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे गिअरपेटीला हात न लावता कमाल वेग वाढतो. पुढे बारीक टायर घातला की वजन आणि हवेचा अडथळा कमी. या ‘हॉट रॉड’ गाड्यांची पुढून वाकलेली, मागून उचललेली ती ठेवण वेगाच्या हिशेबातून आली आणि नंतर फॅशन झाली. पेट्रोलपंपापर्यंतच जाणाऱ्या गाड्यांनाही लोक तशीच चाकं लावू लागले. त्यात काही बिघडतही नव्हतं, कारण गाडी ओढत होती ती फक्त मागची चाकं. पुढची नुसती घरंगळत होती. त्यांचं माप काय, याच्याशी इंजिनाला देणंघेणं नव्हतं. मागच्या मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवी, एवढंच.

हे निर्धास्तपण संपलं ते जीपमुळे.

१९४१ पासून लाखोंनी तयार झालेल्या लष्करी जीपला पाचही टायर ६.०० बाय १६ मापाचे होते. इंजिनाची ओढ आधी ट्रान्सफर केस नावाच्या पेटीत जाई आणि तिथून एक शाफ्ट मागे, एक पुढे. चालकाने लिव्हर ओढली की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जात. डाव्या-उजव्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सामावून घ्यायला डिफरन्शियल असतो. पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो नव्हता. चिखलात, वाळूत याने काही अडत नाही, कारण थोडंसं घसरून चाक आपला हिशेब चुकता करतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. मग ताण गिअरांत, शाफ्टमध्ये साठत जातो आणि लिव्हर मागे घ्यायला गेलं तर ती हलत नाही. जुने चालक अशा वेळी गाडी थोडी मागे घेतात. पीळ उलटा सुटतो आणि लिव्हर निघते.

युद्धानंतर ही यंत्रणा शेतावर आली. १९४६ ची डॉज पॉवर वॅगन, १९४७ ची विलीजची चारचाकी-ओढीची पिकअप, १९५७ मध्ये शेवरोले, १९५९ मध्ये फोर्ड. त्याच काळात मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तीच जखडलेली पेटी आपल्याकडच्या घाटवाटांवर पोचली.

आता टायरचं माप ही गाडीच्या पोटातल्या गिअरांची बाब झाली होती. पण टायर विकत घ्यायची रीत जुनीच राहिली. मागचे टायर लवकर झिजतात, म्हणून दोन नवे घ्यायचे आणि मागे घालायचे. दुकानात नेमकं माप नसलं तर जवळचं घ्यायचं. चिखलात पकड हवी म्हणून मागे जरा दांडगे घालायचे. दोन टायरचे पैसे आज आहेत, चारचे नाहीत. हा निर्णय गरजेचा असतो, त्याला मूर्खपणा म्हणता येत नाही. शिवाय दोष लगेच दिसत नाही. १९४८ मध्ये सिॲटलच्या आर्थर वॉर्नने पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे हब विकायला सुरुवात केली आणि दोन चाकांवर चालणारी पिकअप बेमेळ टायरांवरही वर्षानुवर्षं तक्रार न करता धावू लागली. पहिल्या मालकाला कारण ठाऊक असतं. गाडी दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते तेव्हा टायर जातात, कारण जात नाही. नव्या मालकाला पहिल्या हिमवर्षावात लिव्हर ओढल्यावर कळतं.

फरक किती पडतो? अमेरिकी पिकअपवर सर्रास दिसणारं एक माप २३५/७५ आर १५. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंच; व्यास येतो सुमारे ७३३ मिलिमीटर. त्याच रिमवर चढणारा दुसरा लोकप्रिय टायर ३१ बाय १०.५०, म्हणजे व्यास ३१ इंच, ७८७ मिलिमीटर. मॉडेल टीच्या काळातली, व्यास आधी सांगणारी पद्धत या जाड टायरांवर टिकून आहे. दोन्ही एकाच रिमवर बसतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. १९०९ मध्ये चुकीचा टायर रिमवर चढतच नव्हता. कागदावरच्या मापाने लहान टायर किलोमीटरला ४३४ फेरे घेतो, मोठा ४०४. एक्सलचा गिअर ३.७३ चा धरला तर दोन शाफ्टांच्या फेऱ्यांत किलोमीटरमागे सुमारे ११० चा फरक. पेटी तो फरक मान्य करत नाही. मग लहान टायरला हजार मीटरपैकी जवळपास ७० मीटर रस्त्यावर फरफटत जावं लागतं, आणि तो फरफटला नाही तर पेटीतली साखळी, गिअर किंवा शाफ्टचा सांधा त्याची किंमत मोजतो.

माप एकच असून हेच घडू शकतं. नव्या दणकट टायरला दहा-बारा मिलिमीटर नक्षी असते; पुढचा पार गोटा झालेला आणि मागचा कोरा असेल तर व्यासात दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा फरक पडतो. टायरवरचे आकडे जुळतात, घेर जुळत नाही. म्हणून जाणकार आकड्यांवर थांबत नाहीत. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करायची, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा घ्यायचा आणि टेपने अंतर मोजायचं; पुढचं, मागचं. १९७० च्या दशकात काही अमेरिकी पिकअपना पुढच्या-मागच्या शाफ्टमध्येही डिफरन्शियल आला. त्या गाड्या पीळ धरत नाहीत, पण बेमेळ टायरांवर तो डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो आणि झिजतो. दुहेरी मागच्या चाकांची गोष्ट आणखी वेगळी: शेजारी-शेजारी बसलेल्या जोडीत एक टायर थोडा मोठा असेल तर दोघांच्या ओझ्याचा मोठा वाटा तो उचलतो, तापतो आणि आधी फुटतो. आपल्या ट्रकवाल्यांना हे सांगावं लागत नाही; ते टायर लावतानाच जोडी पाहतात.

मात्र ‘पुढचे-मागचे टायर सारखेच हवेत’ हा नियम करून टाकणं चूक ठरेल, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या शेतात उभा आहे. आपल्याकडच्या मध्यम ताकदीच्या साध्या ट्रॅक्टरला पुढे ६.०० बाय १६ टायर असतो, जीपचंच माप, आणि मागे १३.६ बाय २८. मागच्या चाकाने ओढायचं, पुढच्याने वळायचं. हॉट रॉडचंच गणित. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरलाही पुढचे टायर लहानच असतात, पण तिथे गिअरांचं गुणोत्तर त्या फरकाला धरूनच कापलेलं असतं. पुढची चाकं जमिनीवर मागच्यांपेक्षा किंचित पुढे, एक ते पाच टक्के, पळावीत असं ते ठरवलेलं असतं. त्यामुळे मऊ जमिनीत ती ट्रॅक्टरला सतत ओढत राहतात. पुढचे टायर झिजले किंवा मागे मापापेक्षा मोठे घातले की ही आघाडी आटत जाते, आणि ती उलटली की पुढची चाकं ओढायचं सोडून ट्रॅक्टरला अडवू लागतात. म्हणून अशा ट्रॅक्टरला नवे टायर घेताना पुढच्या-मागच्या मापांची कंपनीने ठरवलेली जोडी पाहावी लागते, सुटं माप पाहून भागत नाही.