जादू, धर्म आणि विज्ञान : केप्लरच्या आईवरील खटला

जादू, धर्म आणि विज्ञान या मानवी विचाराच्या एकामागून एक येणाऱ्या तीन पायऱ्या आहेत, असे प्रतिपादन मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात केले. ही मांडणी सोयीची आहे. मात्र सतराव्या शतकातील युरोपला ती लागू पडत नाही. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याचे उदाहरण पाहू.

ग्रहगतीचे पहिले दोन नियम केप्लरने १६०९ मध्ये आणि तिसरा १६१९ मध्ये प्रसिद्ध केला. तिसरा नियम ज्या ग्रंथात आहे, त्यातच ग्रहांच्या गतीतील संगीताचीही चर्चा आहे. विश्वाची रचना ईश्वराने भूमितीच्या आधारे केली, ही केप्लरची श्रद्धा होती आणि तीच त्याच्या संशोधनाची प्रेरणा होती. तो कुंडल्याही मांडत असे.

१६१५ मध्ये जर्मनीतील लेऑनबर्ग या गावी त्याची आई कॅथरिना हिच्यावर चेटूक केल्याचा आरोप झाला. तिने दिलेल्या कडू पेयामुळे आपण आजारी पडलो, अशी एका शेजारणीची तक्रार होती. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या कॅथरिनाला अटक झाली. आरोप सिद्ध झाला असता, तर तिला देहान्त शासन होण्याची शक्यता होती. केप्लरने लिंझमधील काम सोडून तिच्या बचावाची सूत्रे हाती घेतली.

त्याच्या बचावाचे स्वरूप लक्षणीय आहे. जगात चेटूक नाहीच, असे त्याने म्हटले नाही. त्याने प्रत्येक आरोप स्वतंत्रपणे तपासला, साक्षींमधील विसंगती दाखवल्या आणि तक्रारदारांच्या व्याधींची नैसर्गिक कारणे मांडली. शेजारणीचे दुखणे जुनेच होते, हा त्यांपैकी एक मुद्दा. १६२१ च्या शरद ऋतूत कॅथरिनाला छळाची साधने दाखवून धमकावण्यात आले. तरीही तिने कबुली दिली नाही. सुमारे चौदा महिन्यांच्या कैदेनंतर तिची सुटका झाली आणि १६२२ मध्ये ती मरण पावली.

या खटल्यातून काय दिसते? विज्ञानाने जादूवरील विश्वास एका झटक्यात खोटा ठरवला नाही. ईश्वर, ग्रहांचा प्रभाव आणि गणित हे तिन्ही मानणाऱ्या एका माणसाने विशिष्ट घटनेबाबत ‘याचा पुरावा काय?’ आणि ‘याचे दुसरे कारण असू शकेल का?’ असे प्रश्न विचारले. विश्वास पूर्णपणे बदलण्याआधी पुराव्याची कसोटी बदलू शकते, आणि तेवढ्यानेही एखाद्याचा जीव वाचू शकतो.

विचारासाठी प्रश्न : केप्लरला ‘वैज्ञानिक’ म्हणताना आपण त्याच्या विचारांतील कोणता भाग वगळतो, आणि का?