गंजाखालचें लोखंड

२०२४ च्या जुलैंत लंडनहून आलेलीं वाघनखें साताऱ्याच्या संग्रहालयांत मांडलीं गेलीं, तेव्हां तीं अफझलखानवधाचींच काय, असा वाद माजला. तसा पुरावा नाहीं, हें लंडनच्या संग्रहालयानेंच सांगितलें आहे. धातुपरीक्षेनें वस्तूची घडण कळेल. हात कोणाचा होता, तें कळणार नाहीं.

पण घडण कळणें हेंही थोडें नव्हे. नागपूरजवळील माहुरझरी येथें इसवी सनापूर्वींच्या महापाषाण संस्कृतींतील एक छिन्नी सांपडली. तिचा अंश घांसून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तों ती पोलादाची निघाली. पुण्याच्या संशोधकांनीं हें २०१० सालीं प्रसिद्ध केलें. लोखंडांत कार्बन मुरविण्याची विद्या त्या अनाम लोहारास अवगत होती!

सातारा-सांगलीकडे जुन्या घरांतून पूर्वजांची तलवार दसऱ्यास पूजिली जाते, आणि तत्पूर्वीं लिंबू-राखेनें खसखसून घांसली जाते. भक्ति खरी, पण नासाडीही खरीच. लोखंड गंजतें तेव्हां मूळ पृष्ठभागाची खूण पुष्कळदां त्या थरांतच उरते. क्वचित् म्यानाच्या लाकडाचा वा वस्त्राचा ठसाही. म्हणून जाणते संशोधक आधीं क्ष-किरणांनीं आंत पाहतात, मगच हत्यार लावतात. घरीं कोरडें फडकें पुरे.