दरडोई उत्पन्न वाढलं म्हणजे गरिबी कमी झाली का? सोप्या भाषेत समजून घ्या

दरडोई उत्पन्न वाढल्याची बातमी आली की अनेकांना एकच प्रश्न पडतो: मग ही वाढ आमच्या घरात का दिसत नाही?

दरडोई उत्पन्न म्हणजे नेमकं काय?

देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागलं की दरडोई उत्पन्न मिळतं. म्हणजे ही फक्त सरासरी आहे. समजा, नऊ जण वर्षाला प्रत्येकी ५० हजार रुपये कमावतात आणि दहावा साडेपाच लाख. सरासरी येते एक लाख! पण त्या नऊ जणांच्या हातात एक लाख कधी आलेच नाहीत.

भारताच्या दरडोई उत्पन्नाचा पहिला अंदाज दादाभाई नौरोजींनी १८७०च्या दशकात मांडला: वर्षाला सुमारे २० रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्न-कपड्यावरचा खर्चही त्याहून जास्त होता.

शेतीचं गणित कुठे अडतं?

२०२३-२४मध्ये देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेती व संलग्न क्षेत्रात होते. अर्थव्यवस्थेत या क्षेत्राचा वाटा मात्र सुमारे १८ टक्के. याचा अर्थ, शेतीबाहेरचा एक कामकरी सरासरीने शेतीतल्या कामकऱ्याच्या जवळपास चौपट मूल्य निर्माण करतो.

कारण? २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार ८६ टक्के वहिवाटी दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत. दोघांचं काम चौघे करतात, कारण बाहेर रोजगार नाही. यालाच 'छुपी बेरोजगारी' म्हणतात. त्यात पाऊस आणि बाजारभाव दोन्ही बेभरवशाचे.

मग गरिबी कशी मोजतात?

उत्पन्नावरून नाही, तर खर्चावरून. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये रोजच्या २,२५० कॅलरींना पुरेल इतका खर्च हा निकष धरला. १९६०च्या दशकातल्या विकासाचा फायदा प्रामुख्याने वरच्या थरांना झाला, असं त्यांनी दाखवलं. उपाय सुचवला सार्वजनिक कामांतून रोजगाराचा. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच दशकात आली, २००५चा देशव्यापी कायदा त्यानंतर.

तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२मध्ये २१.९ टक्के भारतीय दारिद्र्यरेषेखाली होते. ग्रामीण भागासाठी ती रेषा होती माणशी महिन्याला ८१६ रुपये. दिवसाला साधारण २७!

म्हणून पुढच्या वेळी असा आकडा दिसला, तर एवढंच विचारा: वाढ झाली, पण कोणाच्या वाट्याला?