गुराबेची काष्ठप्रतिकृती : शब्द आणि वस्तू

शिवनेरीच्या पायथ्याशी वसलेल्या जुन्नरचा समुद्राशी संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटतो. वस्तुतः नाणेघाटाच्या मार्गाने हे नगर सातवाहनकाळापासून कल्याणच्या बंदराशी जोडलेले होते. आंबेगावच्या बाजूने आहुप्याचा घाटही कोकणातच उतरतो. एप्रिल १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कल्याण-भिवंडी त्यांच्या ताब्यात आली आणि १६५९ च्या सुमारास तेथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याचे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचे जहाज म्हणून लाकडी प्रतिकृतीसाठी गुराब निवडली जावी, हे त्यामुळे स्वाभाविकच होय. प्रश्न आहे तो त्या गुराबेच्या आकाराचा.

या संदर्भात यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावरील दोन डोलकाठ्यांचे जहाज पुढे करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ती नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडची आहेत, आणि मधले अंतर सुमारे दीड हजार वर्षांचे आहे.

मराठ्यांची मूळ गुराब एकही उरलेली नाही. वसईच्या विजयाची म्हणून सांगितली जाणारी घंटा आंबेगावच्या सीमेलगत भीमाशंकरी अद्याप आहे, धातू टिकला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळून गेले. प्रतिकृतीकारास ज्याचा खरा आधार मिळतो ते रॉबर्ट ऑर्मचे वर्णन नेमके याच मोहिमेच्या निमित्ताने लिहिलेले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. नाळ भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांप्रमाणे लांब पुढे आलेली, आणि तिच्यावरून मारा करण्यासाठी नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. वर्णन उत्कृष्ट आहे. पण ते कल्याणच्या बांधणीनंतर जवळजवळ शंभर वर्षांचे आहे.

हे अंतर झाकले जाते ते शब्दामुळे. ‘गुराब’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ कावळा. मध्ययुगीन अरबीत तो वल्ह्यांनी चालणाऱ्या युद्धनौकेस लावीत. ऑर्मच्या काळी त्याच नावाचे जहाज प्रामुख्याने शिडांवर चालत होते. वल्ह्यांचे काम गलबताकडे गेले होते व वारा पडला की गलबतेच गुराबेस ओढून नेत. नाव तेच राहिले, वस्तू पालटली. पालटली केव्हा, याचे उत्तर शब्द देत नाही. आणि नावाच्या एकत्वावरून आकाराचे एकत्व गृहीत धरणे हा भाषिक पुराव्याचा दुरुपयोग होय.

१७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात याविषयी मोलाची साक्ष आहे. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतील इतक्या थोर बांधू नयेत, असे अमात्य बजावतात. ज्या गोष्टीचा निषेध करावा लागतो ती घडत असते, हे येथे ध्यानात घ्यावे. जहाजे मोठी करण्याची आणि वाऱ्यावर विसंबण्याची प्रवृत्ती तोवर बळावली असली पाहिजे. शिवकालीन गुराब लहान व वल्ह्यांस अधिक अनुकूल असावी, असे अनुमान यावरून निघते. ते अनुमानच आहे.

तेव्हा तीन डोलकाठ्यांच्या, भारी तोफांच्या प्रतिकृतीखाली ‘आंग्रेकालीन गुराब, सुमारे १७५५’ असे लिहावे. १६५९ ची गुराब घडवावयाची असेल, तर कारागिराने प्रथम वल्ह्यांची जागा ठरवावी आणि डोलकाठ्या त्यानंतर उभाराव्यात.