हेलिगोलंडचा पक्षीवेडा

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर थंडीत कुरवांचे थवे उतरतात आणि उन्हं तापू लागली की उत्तरेची वाट धरतात. पाखरं जातात कुठं, कशी, हा प्रश्न फार जुना. त्याच्या मागं लागून एका माणसानं समुद्रातल्या एका खडकावर पन्नासहून अधिक वर्षं काढली.

हेलिगोलंड हे जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर दूर, उत्तर समुद्रातलं बेट. लाल कडा आणि त्यावरचं पठार, एवढाच त्याचा विस्तार. १८३७ साली हाइनरिख गेटके हा तरुण चित्रकार समुद्राची चित्रं काढायला तिथं आला नि तिथलाच झाला. बेट तेव्हा इंग्रजांचं. गव्हर्नराच्या कचेरीत त्यानं चिटणिशी केली, पण लक्ष सारं आभाळाकडं.

तिकडचा वसंत म्हणजे आपला चैत्र नव्हे, बरं का! एप्रिलातही वारा अंगाला झोंबतो. अशा वाऱ्यात कड्याच्या कपारींवर गिलेमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी दाटीवाटीनं येऊन बसतात, आणि वरून लहान पाखरं उत्तरेकडं सरकत असतात. काळोख्या रात्री ती दीपगृहाच्या उजेडाभोवती घिरट्या घालत. बेटावरच्या लोकांना त्यांचं कौतुक वेगळंच. थ्रश पक्षी धरायला ते झुडपांचे सापळे लावत, कारण तो त्यांच्या जेवणाचा भाग होता. गेटकेही बंदूक बाळगून असे. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे हातात घेऊनच.

त्यानं जवळजवळ ४०० जातींची नोंद केली. १८९० मध्ये बेट जर्मनीकडं गेलं आणि १८९१ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात एक विलक्षण विधान आहे: निळकंठी नावाचं चिमुकलं पाखरू इजिप्तहून हेलिगोलंडला एका रात्रीत पोचतं! वाटेत ते फारसं कुणाला दिसत नाही, म्हणून त्यानं असा हिशेब मांडला. दिसलं नाही म्हणजे थांबलंच नाही, हा तर्क पुढं टिकला नाही. नुसत्या डोळ्यांनी कोणतं पाखरू कुठून आलं, हे कळणार कसं?

ती अडचण डेन्मार्कच्या एका शाळामास्तरानं सोडवली. हान्स मॉर्टेन्सन यानं १८९९ मध्ये व्हिबॉर्ग इथं साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांकाची कडी घातली. पाखरू दुसरीकडं सापडलं की कडं त्याचा पत्ता सांगे. १९१० मध्ये हेलिगोलंडवर पक्षिनिरीक्षणाचं केंद्र निघालं, तिथंही हेच काम चाललं. पाखरांना नरसाळ्यासारख्या जाळीत हाकलून धरायचा तिथला सापळा आजही त्या बेटाच्याच नावानं ओळखला जातो.

मग युद्ध आलं. एप्रिल १९४५ मधल्या बाँबफेकीनंतर सारी वस्ती हलवावी लागली. १८ एप्रिल १९४७ रोजी, ऐन पक्ष्यांच्या हंगामात, इंग्रजांनी तिथली लष्करी बांधकामं उडवण्यासाठी सुमारे ६,७०० टन स्फोटकं एकदम पेटवली. बेटाचं दक्षिण टोक ढासळलं. १ मार्च १९५२ रोजी बेट जर्मनीला परत मिळालं, माणसं परतली, केंद्रही परतलं.

गिलेमॉट आजही त्याच कड्यावर येतात. १९९१ पासून शेजारी गॅनेट हा मोठा पांढरा समुद्रपक्षी घरटी करू लागला आहे.