फोमच्या बुडबुड्यात काय भरलंय?



मागच्या व्याख्यानात आपण मागे घेता येणारे निर्णय आणि मागे न घेता येणारे निर्णय यांतला फरक पाहिला. ते ऐकून अमेरिकेतल्या आमच्या भाच्याचा फोन आला. त्याने शाळेची एक जुनी बस विकत घेतली आहे. तिच्यात राहतं घर करायचं त्याच्या मनात आहे, आणि थंडी आहे कोलोरॅडोची. तो म्हणाला, "मामा, तत्त्वज्ञान राहू द्या. बसला आतून स्प्रे फोम मारू की नको, तेवढं सांगा." आम्हाला फोनवर उत्तर देता आलं नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी बस समजून घेऊ. अमेरिकेतल्या पिवळ्या शाळाबसचे दंडक ठरले १९३९ साली, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत. मुलांना घरून शाळेत सुखरूप न्यायचं, हा त्या बसचा हेतू. तिच्यात कुणी रात्र काढील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पोलादी पत्रा, पोलादी फासळ्या. पोलाद फोमच्या जवळजवळ २००० पट उष्णता वाहून नेतं. माणूस झोपेत श्वासातून आणि त्वचेतून पाण्याची वाफ सोडत असतो. ती वाफ थंड पत्र्याला लागली की तिचं दव होतं, ते अस्तरामागे ओघळतं आणि दिसणार नाही अशा जागी गंज धरतो. म्हणजे बघा, खरा शत्रू थंडीपेक्षा ओल आहे.

आता फोमचा मोह का पडतो, ते कळेल. तयार पाट्या लावल्या तर वळणावर फटी राहतात. फवारलेला फोम पत्र्याला चिकटून फुगतो, फट ठेवत नाही, आणि त्याची पेशी बंद असेल तर वाफेलाही सहसा आत शिरू देत नाही.

हा पदार्थ आला कुठून? जर्मनीत, लेव्हरकुझेनच्या प्रयोगशाळेत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेन बनवलं. एका बाजूला आयसोसायनेट, दुसऱ्या बाजूला पॉलिओल. मिश्रणात चुकून पाणी राहिलं की कार्बन डायऑक्साइड सुटायचा आणि माल बुडबुड्यांनी भरायचा. भोकाभोकांच्या चीजची नक्कल करायला बरं आहे, अशी तेव्हा थट्टा झाली म्हणतात. ज्याला दोष म्हटलं, तोच पुढे गुण ठरला.

पण उत्तम रोधकासाठी बुडबुड्यात कोणता वायू भरायचा, हा प्रश्न होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं उत्तर म्हणून सीएफसी-११ पुढे आला. तो सुमारे २४ अंशांना उकळतो. रसायनांच्या स्वतःच्या उष्णतेनेच त्याची वाफ होते आणि ती पेशीत अडकून राहते. सीएफसी घराण्याचे वायू थॉमस मिजली यांच्या चमूने फ्रिजसाठी शोधले होते. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. तेव्हा मिजलींना खलनायक करू नका. एका खऱ्या संकटावरचा तो खरा उपाय होता.

मग १९७४ साली रोलंड आणि मोलिना यांनी दाखवलं, की हे वायू वर जाऊन ओझोन फोडतात. १९८५ साली अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. फोमवाले एचसीएफसी-१४१बीकडे वळले. त्याने ओझोनला इजा कमी, पण होतेच. पुढे एचएफसी-२४५एफए आला. ओझोन वाचला, पण वजनाला वजन धरलं तर हवा तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजार पट. म्हणून २०१६चा किगाली करार, आणि आता एचएफओ. भारतानेही १ जानेवारी २०२० पासून १४१बी थांबवला.

गोष्ट इथे संपत नाही. २०१८ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की सीएफसी-११ हवेत जितक्या वेगाने घटायला हवा तितका घटत नाही. धागा पूर्व चीनमधल्या चोरट्या वापरापर्यंत गेला, आणि त्याचं मोठं कारण फोमच होतं. शिवाय जुन्या भिंतींत, जुन्या फ्रिजांत अडकलेला वायू अजून हळूहळू सुटतोच आहे.

आयसोसायनेट म्हटल्यावर आपल्याला भोपाळ आठवणारच. १९८४ साली तिथे सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, कीटकनाशकासाठी लागणारा. फोममधला एमडीआय वेगळा. तो सहज हवेत उडत नाही, पण फवारताना त्याचे तुषार होतात, आणि ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढे अल्पशा संपर्कानेही झटका येतो. म्हणून फवारणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. इतरांनी निदान २४ तास तिकडे फिरकू नये. शिवाय हा फोम जळला तर धुरात सायनाइडचा वायू असतो, तेव्हा तो उघडा ठेवायचा नाही.

हान्स योनास या तत्त्वज्ञाने १९७९ साली जबाबदारीवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या कृतीचा हात आता आपल्या नजरेपेक्षा लांब पोचतो, हा त्यातला मुद्दा आम्हाला या बसमध्येही दिसतो. ऊब आतल्याला मिळते आणि तिची किंमत बाहेरचा मोजतो, तीही पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांनी.

भाच्याला आम्ही पुन्हा फोन केला. म्हटलं, फोम पत्र्याला कायमचा धरतो. खाली गंज राहिला, तार राहिली, छताची गळती राहिली, तर उद्या खरवडताना जीव जाईल. आधी सगळं उघडं कर, गंज काढ, पावसात बस उभी करून बघ. मग फवारणाऱ्याला दोन गोष्टी विचार: बुडबुड्यात कोणता वायू, आणि तुझ्या माणसांच्या तोंडावर काय. नीट उत्तर मिळालं तर मार. नाही मिळालं, तर पाट्या लाव. थोड्या फटी राहतील, पण पाट्या काढता येतात.

तो म्हणाला, "मामा, म्हणजे हो की नाही?"

आम्ही म्हटलं, "आधी पाऊस पडू दे."

इथे थांबतो.