चौसष्टाव्या घराचे गहू

अब्बा धान्यबाजारात मापाडी होते. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली. राजा खूश झाला आणि खेळ शोधणाऱ्यानं गहू मागितले : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं. गोष्ट संपली की अब्बा हसून म्हणत, "अरे, एवढ्यानं कुठं राज्य बुडतं?" पोत्यांशी आयुष्य गेलेल्या माणसाचं कोण खोटं मानणार?

पुढं समजलं, की अशी शंका तेराव्या शतकात एका काझीलाही आली होती. इब्न खल्लिकान त्याचं नाव. हिंदुस्थानातल्या राजाची ही गोष्ट त्यानं आपल्या चरित्रकोशात दिली आणि आपला विश्वास बसला नव्हता, हेही लिहून टाकलं. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसानं त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. चाळिसाव्या घरातले दाणे म्हणजे एक कोठार धरा. पन्नासाव्या घरात अशी १,०२४ कोठारं होतात. तेवढ्यांचं एक शहर माना, तर एकट्या चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरं! काझीसाहेबांनी हार मानली.

त्यापूर्वी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल बिरूनीनं हा हिशेब केला होता. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायला नको. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६. असे सहा वेळा वर्ग करायचे आणि शेवटी एक वजा करायचा. उत्तर येतं १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आकडे वीस. आपलं 'एकं, दहं, शतं' अठराव्या स्थानी, परार्धावर संपतं. ही संख्या त्याच्याही पुढं दोन घरं गेलेली. आज साऱ्या जगात वर्षाला पिकणारा गहू धरला, तरी नऊशेच्या आसपास वर्षांचं पीक लागेल.

हे सांगितल्यावर अब्बांनी एकच विचारलं, "एक वजा का?" मी ताटातले शेंगदाणे मांडले. एक आणि दोन मिळून तीन, म्हणजे चारला एक कमी. त्यात चार घातले की सात, आठाला एक कमी. अब्बांनी स्वतः पुढचे आठ मोजून घातले, तेव्हा त्यांना पटलं.

या संख्येच्या पोटात आणखी एक गंमत आहे. तिचे मूळ अवयव सातच : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सतराव्या शतकात फ्रान्सचा फर्मा म्हणाला होता, की दोनाचे असे वर्गावर वर्ग करून एक मिळवला, की दरवेळी मूळ संख्याच मिळते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही उदाहरणं त्याच्या बाजूची. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. तिला कोण भागून पाहणार? १७३२ मध्ये ऑयलरनं पाहिलं. ६४१ नं ती नि:शेष भागली गेली, भागाकार ६७,००,४१७. फर्मासारख्याचा अंदाज चुकला, आणि त्याचा पुरावा गव्हाच्या त्या जुन्या राशीतच पडून होता.

मी गणितात कच्चा. तरी हा गुणाकार एका दुपारी वहीत करून पाहिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला.